माशी

आमच्या कोंबड्याच्या मानेची पिसं
दर शुक्रवारी दोन-चार कमी व्हायची.
मला वाटलं मुंगूस.
निघाला दाऊद होडेकर,
जहाजावरचा फिटर, रिटायर,
पूर्णगडच्या बंदरावर पत्र्याच्या शेडीत
दिव्याखाली वाकलेला.

चिमट्यात गरी,
गरीच्या दांड्याला तांबडा दोरा,
दोऱ्याखाली माझं पीस,
पिसावर चहापुडीची चांदी
केसाएवढी कातरून.
"काय रे हे?"
"माशी."
"मासे सोडून माशा मारतोस होय आता?"

हसला. म्हणाला, नॉर्वेत बोट महिनाभर अडकलेली,
तिथल्या एका म्हाताऱ्यानं शिकवलं.
नुसता भास असतो, आत काही नाही.
सामन मासा तिला चावतो
भूक नसताना.
नदीत शिरल्यावर तो जेवतच नाही,
जन्मला त्या पाण्यापर्यंत पोचायचं असतं फक्त.

सामन, म्हणायचा तो.
मला ऐकू यायचं सामान.
म्हटलं, चाकरमानीच की रे,
गणपतीला येतात तसे.
म्हणाला, हो, पण वर धरण बांधलं
आणि एका वर्षी कोणीच आलं नाही.
तेव्हापासून म्हातारा गरीचा उलटा काटा
पकडीनं चेपायचा.
धरायचा, मोजायचा, सोडायचा.
"मग खायचा काय?"
"बटाटे."

माझी पाटी पावसच्या बाजारात.
रावसाचा भाव मला विचारा,
डोळ्यावरून सांगेन, कल्ल्यावरून सांगेन.
आश्विनातल्या एका पहाटे, भांगाचं पाणी,
मुचकुंदीच्या मुखाशी दाऊदनं
माझ्याच पिसावर एक काढला,
माझ्या हाताहून लांब.
गळ्याखाली दोन्हीकडे चार-चार धागे,
पाणी चाचपणारे,
जणू त्यालाही कोणी दिव्याखाली बसून बांधलं
आणि दोऱ्याची टोकं कापायची राहिली.

पोट टच्च. गाबोळी.
मी तिथल्या तिथे मांडलं,
डोकं वेगळं, तुकड्या वेगळ्या, गाबोळी वेगळी,
लेकीच्या नर्सिंगची फी.
"दाऊद, दे इकडे."

तो म्हणाला, मत्स्य कॉलेजातल्या पोरीनं सांगितलंय,
रावस जन्मतो तो नर. सगळेच्या सगळे.
वर्ष-दोन वर्षं तसा हिंडतो,
मग वाढता वाढता मादी होतो.
एवढा मोठा रावस
असा नसतोच.
असते ती.

तीस वर्षं मी ओरडले,
घ्या ताजा, घ्या मोठा,
एकदाही तिला ती म्हटलं नाही.

भांडले. खोटं कशाला सांगू.
तिकडे बघ, म्हटलं, दिवे लावून बसलेत पर्ससीनवाले,
तू एक सोडशील, ते टनानं उचलतील.
"उचलतील," तो म्हणाला,
आणि कमरेएवढ्या पाण्यात
तिचं तोंड धारेकडे करून उभा राहिला,
तापातून उठलेल्या पोराला
अंगणात चालवतात तसा,
कल्ले आपले आपण चालेपर्यंत.
मग शेपटीचा एक फटका.
मी कडेला होते तरी भिजले.

महिनाभर बोलले नाही त्याच्याशी.
कोंबडा मात्र डालला नाही कधी.

आता त्याचा हात थरथरतो.
पीस तो निवडतो, दोरा मी ओढते,
लेकीच्या जुन्या ओढणीची हिरवी जर घालते मध्ये,
गाठ माझी बरी बसते, तोच म्हणतो.
काटा चेपायची पकड अजून त्याच्याकडे.

बाजारात रावस विकतेच मी. पोट आहे.
फक्त टच्च पोटाची पाटीत आली
की भाव असा सांगते
की कोणी घेऊ नये.

कोणीतरी घेतंच.